खारेपाटातला भात मीठ कसा सोसतो

मे महिन्यात धरमतर खाडीच्या बाजूने पेण-अलिबागचा खारेपाट पाहिला, तर भेगाळलेल्या करड्या खाचरांवर जागोजागी पांढरा पापुद्रा धरलेला दिसतो. तो नखाने खरवडून जिभेला लावला की खारट आणि मागून किंचित कडवट लागतो. त्याच खाचरांत जुलैच्या अखेरीस गुडघाभर भात डोलत असतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, आणि भात हे मिठाच्या बाबतीत मुख्य धान्यपिकांपैकी सर्वांत नाजूक पीक मानले जाते. मग खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या पातळीपेक्षाही खाली असलेल्या जमिनीत तो पिकतो तरी कसा, हा प्रश्न ज्यांनी खारेपाट रोज पाहिला आहे त्यांनाही सहसा पडत नाही. तो पडायला हवा, कारण त्याच्या उत्तरात वनस्पतीच्या मुळातील एका सूक्ष्म भिंतीपासून खाडीकाठच्या कांदळवनापर्यंत सगळे एका साखळीत येते, आणि यातली एक कडी निसटली की बाकीच्यांवर ताण कसा वाढतो तेही दिसते.

आधी ही जमीन समजून घेऊ. खाडीच्या कडेची दलदल मातीचा बांध घालून भरतीपासून तोडायची आणि आत भात लावायचा, याला आपल्याकडे खारबंदिस्ती म्हणतात. बांधात ठरावीक अंतरावर उघाड्या असतात. ओहोटीला आतले पाणी त्यांतून बाहेर जाते आणि भरतीला दार बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटते. बांधामुळे भरती अडते, पण जमिनीखालचे खारे पाणी अडत नाही. ते हातभर खोलीवर असतेच. पाऊस संपला, वरची माती वाळू लागली, की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढते. पृष्ठभागाशी आल्यावर पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहते. मे महिन्यातला पांढरा पापुद्रा असा तयार होतो. पावसाळ्यात याच्या उलट घडते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि हे गोडे पाणी खाचरात उभे राहिले की ते वरच्या थरातले मीठ विरघळवून काही खाली ढकलते, तर काही उघाडीतून बाहेर घेऊन जाते. खारेपाटातले भातपीक म्हणजे खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर चार महिने धरून ठेवलेला गोड्या पाण्याचा एक थर आहे. तो थर जिथे पातळ होतो तिथे पीक अडचणीत येते.

मीठ रोपाचे नेमके काय बिघडवते? याचे दोन टप्पे आहेत, आणि ते वेगळे ओळखता आले तर शेतातली लक्षणेही वाचता येतात.

पहिला टप्पा तहानेचा. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात त्यांना पाणी सुटते, कारण पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे ओढले जाते. मातीतले पाणी खारट झाले की मुळांना ते आत ओढणे अवघड होते. खाचरात पाणी उभे असते आणि रोप मात्र दुष्काळात असल्यासारखे वागते: पानांची वाढ थांबते, पानांवरची श्वासरंध्रे मिटतात, फुटवे कमी येतात. हे सगळे काही तासांत सुरू होते.

दुसरा टप्पा सावकाश येतो, आणि तो विषबाधेचा असतो. मिठातले सोडियम मुळांतून वर चढते आणि पानांत साठत जाते. पेशींमधल्या अनेक कामांना, विशेषतः प्रथिने घडवण्याला, पोटॅशियम लागते. सोडियम आणि पोटॅशियम यांचे रासायनिक रूप इतके जवळचे आहे की सोडियमचे प्रमाण वाढले की ते पोटॅशियमच्या जागा अडवून बसते, पण पोटॅशियमचे काम त्याला करता येत नाही. जागा भरलेल्या राहतात आणि काम ठप्प होते. म्हणून भात मीठ किती सोसतो हे पाहताना संशोधक नुसते सोडियम मोजत नाहीत, तर पानातल्या सोडियम आणि पोटॅशियम यांचे गुणोत्तर मोजतात. शेतात हा टप्पा जुन्या पानांच्या शेंड्यांवर दिसतो. शेंडा पांढरट पडतो, आत गुंडाळतो आणि मग वाळत वाळत बुडख्याकडे येतो. नवे पान मात्र बराच काळ हिरवे राहते, कारण रोप येणारे सोडियम जुन्या पानांत ढकलून कोवळ्या पानांना आणि वाढीच्या टोकाला जपते. वाळलेले जुने पान हे इथे नुसते आजाराचे लक्षण नव्हे, ती रोपाची बचावाची एक रीतही आहे.

मातीतल्या पाण्याचा खारटपणा त्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. मीठ जास्त तितकी वीज सहज वाहते. मापाचे नाव डेसिसायमन प्रति मीटर. ४ च्या वर गेलेल्या जमिनीला क्षारयुक्त म्हणतात, आणि समुद्राचे पाणी ५० च्या आसपास असते. भाताचे उत्पन्न साधारण ३ पासूनच घटू लागते आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे १२ टक्के कमी होत जाते. हा आकडा सरासरीचा आहे, कारण भात सर्व वयात सारखा नाजूक नसतो. मोड येताना तो चांगला धट्टाकट्टा असतो. दोन-तीन पानांचे रोप असताना नाजूक होतो. फुटवे फुटण्याच्या काळात पुन्हा तगतो. पोटरीत येताना आणि फुलोऱ्यात मात्र त्याचे सगळे बळ संपते. त्या वेळी मीठ चढले तर परागकण निकामी होतात, आणि बाहेरून टवटवीत दिसणाऱ्या लोंबीत पळींज, म्हणजे पोकळ दाणे, भरते. अशी लोंबी हातात घेतली की वजनावरूनच कळते. दाणा चिमटीत दाबला की नुसते तूस चुरगळते.

आता मुळाकडे येऊ, कारण माझ्या मते या विषयातला सर्वांत विलक्षण भाग तिथेच आहे.

मूळ आडवे कापून भिंगाखाली धरले, तर मधोमध पाणी वर नेणाऱ्या नळ्यांचा गाभा दिसतो आणि त्याभोवती पेशींचे एक कडे दिसते. या कड्यातील पेशींच्या भिंतींत मेणासारखे, पाणी न शिरू देणारे द्रव्य भरलेले असते. त्याला सुबेरिन म्हणतात. बाटलीच्या बुचाच्या सालीत असते तेच. या कड्यामुळे पाण्याला पेशींच्या फटींतून थेट गाभ्यात शिरता येत नाही. त्याला पेशीच्या आतून जावे लागते, आणि पेशीचा पडदा काय आत घ्यायचे आणि काय नाही ते निवडतो. भाताचे दुखणे असे की त्याच्या मुळांतली ही भिंत सलग नसते. जिथे बाजूची मुळे फुटतात तिथे ती फाटते, आणि अशा फटींतून खारे पाणी निवडीशिवायच आत जाते. भाताच्या पानांत पोहोचणाऱ्या सोडियमचा मोठा वाटा याच गळतीचा असतो. ज्या वाणांच्या मुळांत सुबेरिन जास्त आणि सलग असते, त्यांच्या पानांत सोडियम कमी चढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

इथे आपल्याकडच्या एका साध्या गोष्टीचा उल्लेख करायलाच हवा. भात हे सिलिका भरपूर शोषणारे पीक आहे. त्याच्या पानाची धार बोटाला कापते ती सिलिकेमुळेच. सिलिका मिळाली की मुळांतल्या या फटी कमी गळतात आणि सोडियम कमी चढते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. भाताच्या तुसात ही सिलिका ठासून भरलेली असते. कोकणात रुजलेल्या चारसूत्री भातशेतीचे पहिलेच सूत्र भाताचे अवशेष शेताला परत देण्याचे आहे: रोपवाटिकेत तुसाची काळी राख आणि खाचरात पेंढा. खार जमिनीसाठी ही राख म्हणजे मुळाच्या भिंतीला लावलेला गिलावाच आहे, आणि ती गिरणीच्या मागे फुकट पडलेली असते.

भिंत ओलांडून जे सोडियम गाभ्यात शिरतेच, त्याच्यासाठी भाताकडे दुसरी चौकी आहे. पाणी वर नेणाऱ्या नळ्यांच्या कडेला असलेल्या पेशींत एक प्रथिन असते. ते नळीतून जाणारे सोडियम पकडून बाजूच्या पेशींत परत घेते आणि पानाकडे जाऊ देत नाही. हे प्रथिन घडवणारे जनुक २००५ साली बंगालच्या नोना बोक्रा या जुन्या वाणातून ओळखले गेले. बंगालीत नोना म्हणजे खारट. ते जनुक भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर आहे. त्याच गुणसूत्रावरचा एक पट्टा केरळच्या पोक्कळी भातातून आधीच सापडला होता आणि तो ‘सॉल्टॉल’ या नावाने ओळखला जातो. हा पट्टा साध्या संकराने लोकप्रिय वाणांत आणण्याचे काम अनेक देशांत झाले आहे. मात्र वर्तमानपत्रांतून येणारा ‘मिठाचे जनुक सापडले’ हा शब्दप्रयोग मला पटत नाही. सॉल्टॉल मुख्यतः रोपाच्या वयात उपयोगी पडतो. फुलोऱ्यातला टिकाव बऱ्याच अंशी वेगळ्या जनुकांवर अवलंबून असतो, आणि मीठ सोसणे हा गुण असा अनेक लहान गुणांचा मिळून बनलेला आहे.

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या वाणांत हे गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडून एकत्र आले आहेत. काळा राता, भुरा राता ही नावे खारेपाटातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून ठाऊक आहेत. राता म्हणजे लाल. या भातांचा तांदूळ लाल असतो आणि त्याची पेज दाट होते. यांच्यातून निवडलेले काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० हे वाण क्षार सोसणारे म्हणून भाताच्या संशोधकांना चांगले परिचित आहेत. असे जुने वाण सहसा उंच आणि भराभर वाढणारे असतात, आणि त्या उंचीलाही अर्थ आहे: रोपाची वाढ जितकी जोमदार तितके आत आलेले सोडियम जास्त पानोऱ्यात विभागले जाते आणि पातळ होते. त्यांची अडचण म्हणजे ते लोळतात आणि उतारा कमी देतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, पनवेल २ आणि पनवेल ३ हे वाण याच पेचातून वाट काढण्यासाठी दिले. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या जनुक-संपादित भातांपैकी पुसा डीएसटी राईस १ याची वाट आणखी निराळी आहे. त्यात श्वासरंध्रांची संख्या आणि उघडझाप यांच्याशी संबंधित असलेले एक जनुक बंद केलेले आहे, जेणेकरून रोपाने पाणी कमी गमवावे. म्हणजे उपाय मुख्यतः पहिल्या, तहानेच्या टप्प्यावर आहे. खाडीकाठच्या बांधीत तो किती उतरतो, हे तिथल्या काही पावसाळ्यांनंतरच बोलता येईल.

आता बांधावर उभे राहून तोंड खाडीकडे करू. आतल्या भाताला ज्या मिठाचा त्रास होतो, तेच मीठ बाहेरच्या चिखलात कितीतरी पटींनी जास्त आहे आणि तिथे तिवर, कांदळ, चिप्पी, मारांडी ही कांदळवनातली झाडे दाटीने वाढतात. सकाळी, पाऊस नसलेल्या दिवशी, तिवराचे पान तोडून उजेडात तिरके धरावे. त्याच्यावर बारीक चकचकणारे कण दिसतात. बोट फिरवले तर खरखरीत लागते आणि चाखले तर ते निखळ मीठ असते. तिवराच्या पानांत मीठ बाहेर टाकणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. कांदळाला अशा ग्रंथी नाहीत. तो बहुतेक सगळे मीठ मुळाच्या दारातच अडवतो. तिवरही मुळाशी नव्वद टक्क्यांच्या आसपास मीठ बाहेर ठेवतो आणि उरलेले पानातून घालवतो. मुळातली भिंत इथेही सुबेरिनचीच आहे, फक्त ती भातापेक्षा कितीतरी भक्कम आणि सलग आहे. भाताच्या आणि कांदळाच्या मुळांचे काप शेजारी ठेवून अभ्यास होतो तो यासाठीच. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात तर तिवराच्या जातीतले जनुक भातात घालून पाहण्याचे प्रयोगही झाले आहेत.

मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने कांदळवनाचे मोल त्याच्या जनुकांपेक्षा त्याच्या उभे राहण्यात जास्त आहे. मुळांच्या आणि खोडांच्या गर्दीतून जाताना लाटेची ताकद खर्ची पडते. वेगवेगळ्या ठिकाणच्या मोजण्यांत १०० मीटर रुंदीच्या कांदळवनात लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी झालेली आढळली आहे. हा फरक झाडांची जात, दाटी आणि पाण्याची खोली यांवर ठरतो. शिवाय मंदावलेल्या पाण्यातला गाळ मुळांत बसतो आणि बांधाचा पाया सुटत नाही. ज्या बांधापुढे कांदळ नाहीत, त्याच्या पायथ्याची माती प्रत्येक उधाणाला थोडी थोडी निघून जाते, आणि एका रात्री बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते.

खांड कधी पडते याला फार महत्त्व आहे, आणि नुकसानीच्या चर्चेत ते नेहमी निसटते. आषाढात खांड पडून खारे पाणी आत आले आणि आठवड्यात बांध सांधला, तर पुढचा दोन महिन्यांचा पाऊस ते मीठ धुऊन काढू शकतो. पीक गेले तरी जमीन वाचते, कधी कधी पुन्हा पेरता येते. भाद्रपदातल्या मोठ्या उधाणाला खांड पडली, तर त्याच वेळी भात निसवत असतो, म्हणजे तो सर्वांत नाजूक असतो, आणि मीठ धुवायला पाऊसही उरलेला नसतो. त्या वर्षीचे पीक तर जातेच, पण मातीत उरलेले मीठ पुढच्या हंगामाच्या उगवणीलाही भोवते. अशा वेळी कोणताही वाण पुरा पडत नाही. खाचरात प्रत्यक्ष समुद्राचे पाणी उभे राहिले, तर त्याचा खारटपणा भात सोसू शकतो त्याच्या दसपटीहून जास्त असतो. क्षार सोसणारा भात हा गळक्या बांधाला पर्याय आहे असा समज मी सरकारी पत्रकांपासून चावडीवरच्या गप्पांपर्यंत अनेक ठिकाणी पाहिला आहे, आणि तो शेतकऱ्याला महागात पडतो.

माझ्या आजोळच्या गावात बांधाला पडलेली एक खांड तीन पावसाळे तशीच राहिली. अर्ज गेले, पाहणी झाली, मोजमाप झाले, काम झाले नाही. पहिल्या वर्षी आतल्या खाचरांतला भात जळाला. दुसऱ्या वर्षी भरतीबरोबर तिवराचे बी आत आले. ते पाण्यावर तरंगत येते, चिखलाला टेकले की काही दिवसांत मूळ धरते. तिसऱ्या वर्षी मामांच्या बांधीत गुडघाभर तिवर उभी होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने राज्यात कांदळ तोडण्यास मनाई आहे, आणि कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. तो निकाल गरजेचा होता; त्याच्याविना खाड्यांची मुखे भरावाखाली गेली असती. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती लिहिलेली आहे आणि ज्याच्या शेतात दुसऱ्याच्या दिरंगाईमुळे कांदळ उगवले, त्याचा राग मला रास्त वाटतो. कांदळ आणि भात हे खरे तर शेजारी आहेत. बांध पडला की ते वैरी ठरतात. १९७९ च्या खारजमीन विकास कायद्याने खारबंदिस्तीच्या कामांची एक चौकट राज्याला घालून दिली. बांधाची डागडुजी पावसाळ्याआधी होणे हा पीकसंरक्षणाचाच भाग आहे. तो बांधकामाचा वेगळा विषय नव्हे.

चिंबोऱ्यांचेही असेच आहे. कांदळवनात त्यांची बिळे चिखलात हवा खेळती ठेवतात, आणि कांदळाच्या मुळांना तिचा उपयोग होतो. तीच बिळे बांधात पडली की भरतीचे पाणी त्यांतून झिरपू लागते, आणि बऱ्याच खांडींची सुरुवात अशा बोटभर झिरप्यातून होते. बांधावर रोज फेरी मारणारा माणूस पूर्वी गावकीतून नेमलेला असे, तो हे झिरपे लगेच चिखलाने बुजवी.

पुढच्या काळात गोड्या पाण्याचा हा थर आणखी ताणला जाणार आहे. जगाच्या समुद्रांची सरासरी पातळी १९९३ पासून वर्षाला तीन मिलिमीटरहून अधिक वेगाने वाढत आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. पावसाचे खंड लांबले, तर खाचरातले गोडे पाणी उतरते आणि खालचे खारे वर येते. यासाठी बांध फुटायचीही गरज नसते.

हे सगळे ध्यानात घेतले की खारेपाटातल्या जुन्या रीतींमागची कारणे उलगडतात. पहिल्या पावसाचे पाणी शेतात ठेवत नाहीत. ते मीठ विरघळवून घेते, म्हणून ओहोटीला उघाडी उघडून ते बाहेर सोडतात, आणि असे दोन-तीन वेळा केल्यावरच मोड आलेले बी चिखलावर फोकतात. या रहू पद्धतीत रोप उपटण्याचा धक्का बसत नाही, आणि नाजूक दोन-तीन पानांचे वय ऐन मुसळधार पावसात, म्हणजे मीठ सर्वांत पातळ असताना, निघून जाते. जिथे लावणी करतात तिथे खार जमिनीसाठी आवण (लावणीची रोपे) थोडे जून, महिनाभराचे घ्यावे आणि चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, रोपे जास्त धरावीत अशी शिफारस आहे, ती याच कारणाने. चिखलणीनंतर खाचर कोरडे पडू द्यायचे नाही. आणि भात पोटरीत आला की दाणे भरेपर्यंत बोटभर तरी गोडे पाणी उभे राहील अशा बेताने उघाडीच्या फळ्या लावून ठेवायच्या.